ठिकाण क्रमांक चार

ओहोटी पाच-चाळीसला.
बाराकाल्दोच्या धक्क्यापाशी होडी धरून
कोल्दो लोखंडी चिमटा सोडतो.
दोर सैल पडला म्हणजे नेर्व्हिओनचा तळ लागला.
मी म्हणते, ओढ.

आधी वर येतो तो वास.
नासक्या अंड्याचा, जुन्या बॅटरीचा,
आणि त्याखाली कुठंतरी, अगदी पुसट,
समुद्राचा.

अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत गाळ धुतला की
मागे उरतील ते जीव मोजायचे. हेच माझं काम.
लाल, दोऱ्याएवढे किडे: दोनशे चौदा.
जिथं दुसरं कुणी तगत नाही तिथं हे नांदतात,
म्हणून ते वाढले की आम्ही वाईट शेरा लिहितो.
बिचाऱ्यांनी काय केलंय?
जागा मिळाली तिथं राहिले.

प्राणवायू दोन पॉइंट एक. खारटपणा एकोणतीस.
कोल्दो आकडे ओरडतो, मी रकान्यांत भरते
पेन्सिलीनं, कारण शाई पाण्याला फितूर होते.

ठिकाण क्रमांक चार, म्हणजे
आइताची भट्टी होती तो काठ.
(आइता म्हणते मी बापाला. इथं सगळेच म्हणतात.)
आता तिथं बाकं आहेत, सायकलींचा रस्ता,
कुत्री फिरवणारी माणसं.
नळीतून काढलेला गाळाचा दांडा मी उभा चिरते:
वर चार बोटं करडं, मग काळं,
मग काळ्याहून काळं.
एक्केचाळीस सेंटिमीटरवर शिसं सगळ्यात जास्त.
प्रयोगशाळेनं त्या थराला साल लावून दिलंय.
त्या साली मी शाळेत जायला लागले.
नवे बूट होते. चॉकलेटी, बक्कलवाले.

रात्रपाळीत पिंपं कोण ओतायचं,
मी कधी विचारलं नाही.
खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढंच आइता म्हणायचा,
आणि ताटात वरून मीठ घ्यायचा, पुन्हा पुन्हा,
भट्टीसमोर घामातून गेलेलं भरून काढायला.

आज चाळणीत, किड्यांच्या गुंत्यात,
सोल माशाचं एक पिल्लू.
नखाएवढं, चपटं, दोन्ही डोळे एकाच अंगाला,
जणू दुसरीकडे बघायचंच नाही असं ठरवलेलं.
कोल्दोनं शीळ घातली. चार वर्षांत पहिलं.
नियमानं ते फॉर्मलिनच्या बाटलीत जायला हवं होतं.
मी पट्टीवर धरलं, आकडा लिहिला,
आणि हात पाण्यात बुडवून
बोटं उघडली.
कोल्दो इंजिनाकडे बघत राहिला.

संध्याकाळी सांगितलं.
आइता पाव चिरत होता. सुरी थांबली.
"कुठं?"
"चार नंबरला. भट्टीसमोर."

बराच वेळ पाव तसाच अर्धा चिरलेला.

"तिथं खोल होतं," तो म्हणाला.
"पिंप सोडलं की आवाज यायला वेळ लागायचा."

मग सूप निवलं.
मीठ डॉक्टरांनी बंद केलंय. तरी त्यानं हात पुढे केला
आणि मी डबी दिली.