मिसळ, गाळून

आधी पातं बुडवायचं, मग बटण.
हे मला भिंतीने शिकवलं.
पहिल्या दिवशीची मूगडाळ
अजून आहे टाइल्सच्या फटीत,
आणि कॅलेंडरवरच्या एकादशीला तिचा पिवळा ठिपका.

सत्तावीस वर्षं लेथवर काढली सातपूरला.
फिरत्या वस्तूला घाई करायची नसते
एवढं तरी ठाऊक होतं.
पण मेन रोडवरून आणलेल्या
या साडेअठराशेच्या दांडक्यापुढे
मी नवशिका हेल्पर.

तेजलचा जबडा तारेने बांधलाय.
पपया नर्सरीच्या सिग्नलला स्कूटी घसरली,
दोन ठिकाणी मोडला. आता सहा आठवडे
दातावर दात, आणि डावीकडे दाढेमागे
एक फट, स्ट्रॉपुरती.
त्या फटीतून जाईल ते जेवण.
"तारेचं कटर उशाशी ठेवा,
उलटी आली तर..."
डॉक्टर पुढचं बोलले नाहीत.
कटर माझ्याच पेटीतलं. तेल पुसलं, उकळलं,
तिच्या तांब्याशेजारी ठेवलं.
रात्री उठून बघतो, जागेवर आहे ना.

रंजनाची ड्यूटी सकाळची, म्हणून ओटा माझ्याकडे.
मशीन आवाजाने बोलतं.
भाताच्या पेजेत सूर मोकळा.
शेवग्याच्या शेंगेत मध्येच घोगरा होतो;
रेषा अडकल्या की आधी प्लग काढायचा,
मग बोट घालायचं.
क्रम चुकला तर काय होतं
ते पाळदेंच्या उजव्या हाताला विचारा.
भोपळा शहाणा. पालक निमूट.
बीट केलं तर ओट्यावर खून झालाय असं वाटतं.
पिंपळगावचा टोमॅटो दोनदा गाळावा लागतो, सालीसाठी.
आणि दांडा जरा तिरका धरला
की तो पातेल्याचा तळ धरून बसत नाही,
हे माहितीपत्रकात कुठेच नव्हतं.

अठराव्या दिवशी, रविवारी,
खालच्या मजल्यावरून काळ्या मसाल्याचा वास आला.
तेजलने वहीत लिहिलं : मिसळ.
मी म्हटलं, अगं बाळा.
तिने शब्दाखाली रेघ मारली. मग दुसरी.

आणली, गंगापूर रोडवरून.
रस्सा वेगळा, मटकी वेगळी, शेव, कांदा, पाव,
लिंबू, पापड.
पापड रंजनाने न बोलता
कपाटात ठेवून दिला.
बाकीचं पातेल्यात ओतताना
माझा हात दोनदा थांबला.
शेव मऊ पडायच्या आत संपवायची
म्हणून अख्खं नाशिक जी घाईघाईने खातं
तिचा मी गाळ करणार होतो.
बटण.
मोटर आधी कण्हली, शेवेने भार घेतला,
मग पाव विरला आणि सूर वर चढला,
शेवटच्या फिनिशिंग कटसारखा, एकसलग.
रंग म्हणाल तर पुरातली गोदावरी.
गाळून, कोमट करून, ग्लासात.

तिने ओढली.
डोळे मिटले. डोळ्यांत पाणी, तिखटाचं असेल.
मग तारेमागून कसलासा आवाज आला
आणि मी कटरकडे झेपावलो.

हसत होती.
वहीत लिहिलं : लिंबू कमी आहे.

तार निघून महिना झाला.
दांडकं खिळ्याला लटकलंय. रंजना त्याने
पिठल्याच्या गुठळ्या मोडते;
मी बघितलं नाही असं दाखवतो.
कटर पेटीत परत गेलं.
पात्याच्या टोपीखाली मटकीचं एक साल
वाळून चिकटलंय.
टाचणीने निघेल.

काल संध्याकाळी तिने स्वतः पापड भाजला,
थेट गॅसवर, एक कड करपवून.
मी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद केला.
पहिला तुकडा जपून मोडला.
दुसऱ्याला तिने भार दिला.