वरखर्च

ब्रुसेल्सची मध्यरात्र म्हणजे आमचे पहाटेचे तीन.
तोवर अर्ज जायला हवा.
झुगदीदीत वीज दोनदा गेली, दोनदा आली,
शेगडीत शेवटचं लाकूड,
आणि मी रकाना क्रमांक चारमध्ये
त्सिआलाबाईंना पंधराशे अक्षरांत बसवतेय.

बसत नाहीत.
एकटं घर, एन्गुरीच्या काठचं, हे बसतं.
वय चौऱ्याऐंशी, हेही.
दोन मुलगे, एक ग्रीसमध्ये, एक फोटोत,
इथे अक्षरं संपत येतात.
आमची नर्स एतेरी महिन्यातून दोनदा जाते
ती मुख्यतः पायाची नखं कापायला,
कारण बाईंना वाकता येत नाही
आणि नख बुटात रुतलं की त्या अंगणातसुद्धा उतरत नाहीत,
हे मी लिहिलं होतं. मग खोडलं.
मागच्या प्रशिक्षणात एक तरुण सल्लागार म्हणाला होता,
"परिणाम लिहा, नखं नकोत."
तर आता तिथे आहे:
ज्येष्ठांच्या स्वायत्त हालचालींत मोजता येईल अशी वाढ.
खोटं नाही.
पण त्सिआलाबाईंनी वाचलं तर विचारतील, ही कोण?

रकाना पाच. अंदाजपत्रक.
कार्यशाळेला पैसे आहेत. फलकाला आहेत,
फलकावरच्या त्यांच्या बोधचिन्हाचं माप सेंटिमीटरात दिलंय.
डिझेलला नाहीत.
बोंदो वरखर्चात जातो,
आणि वरखर्च सात टक्क्यांच्या वर नको.
बोंदो शोनिया, वजन एकशे दहा किलो,
जुन्या डेलिकाच्या चाकामागे जेमतेम मावणारा,
फेब्रुवारीत गाडी रुतली तेव्हा
एतेरीची औषधपेटी डोक्यावर घेऊन
चार किलोमीटर चिखल तुडवत गेलेला बोंदो.
सात टक्क्यांत त्याचा एक हात मावतो.
मी त्याला "क्षेत्रीय समन्वयक" केलं.
"पगार वाढला?" त्यानं विचारलं.
"नाही. नाव लांबलं."

रकाना सहा: स्थानिक योगदान, किमान दहा टक्के.
इथे मी आठवडाभर अडले होते.
हेझलनटचं वर्ष वाईट, किडीनं निम्मं पीक पोकळ केलंय,
मागायचं कुणाकडे?
मागितलंच नाही.
शनिवारी बोंदो परतला तेव्हा गाडीत मागे सहा पोती.
"लोकांनी विचारलं, इतके फिरता ते कशाच्या जोरावर.
मी सांगितलं, कशाच्याच नाही."
निधी उभारायची त्याची सगळी रणनीती एवढीच.
पोत्यांच्या वर एक उशीचा अभ्रा, त्सिआलाबाईंचा,
आत फोडलेले, सोललेले दाणे, एकही पोकळ नाही.
वस्तुरूप योगदान.
भाव कुठला लावायचा, आजचा की सोमवारचा?
सोललेल्याचा की सालासकट?
त्या बोटांना किती तास लागले
ते मांडायला रकाना नाही.
आजचा भाव धरला. नऊ पूर्णांक आठ टक्के झाले.
उरलेले माझ्या नावावर मांडले, पुढच्या पगारातून.

रकाना सात. शाश्वतता.
तीन वर्षांनंतर, आमच्या मदतीवाचून, हे काम कसं चालू राहील?
दोन वाजून चाळीस मिनिटं.
दरवर्षी इथे मी तोच परिच्छेद चिकटवते,
त्यात "क्षमताबांधणी" दोनदा येतं.
आजही चिकटवला. मग बघत बसले.
तीन वर्षांनंतर त्सिआलाबाई सत्त्याऐंशी.
किंवा नाहीत.
नखं वाढतच असतील कुणाची ना कुणाची,
आणि डेलिकाचा क्लच गेलेला असेल,
तो तर गेल्या वर्षीच जाणार होता.

परिच्छेदाखाली एक ओळ जास्तीची टाकली:
माहीत नाही. अकरा वर्षं चालू आहे.
खोडली नाही.
बटण दाबलं, आणि वीज गेली.

अर्ज पोचला की नाही, सकाळी कळेल.
अंधारात चाचपत अभ्र्यात हात घातला,
एक दाणा तोंडात टाकला,
चावताना आठवलं,
हा अंदाजपत्रकात धरलेला आहे.