मिनिटाला आठ थेंब

किती वेळ लागंल, सिस्टर?
दारातून आधी हात येतो, हातात डबा,
मागून सासूबाई.
सांगून राहिले न मावशी, हा कुकर नाही,
शिट्ट्या मोजून उतरवायला.

आठ थेंबांनी सुरू करते मी.
अर्ध्या तासाने बारा, मग सोळा.
डोळे सेकंदकाट्यावर, हात पोटावर:
पोट दगड होतं, मऊ होतं,
पुन्हा दगड.
दहा मिनिटांत तीन कळा आल्या की चाकाला हात लावायचा नाही.
माझ्या हातात एवढंच आहे,
नळीवरचं एक पांढरं प्लास्टिकचं चाक.

नुसरतचं तिसरं. सव्वाआठला सलाईन लावलं,
अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी.
डॉक्टर अजून हातमोजे घालत होत्या.
मागच्या आठवड्यात देवलापारची उईके आली, बीपी वाढलेलं, दुसरी खेप.
अकरा तास. एक शब्द बोलली नाही,
फक्त सलाईनचा स्टँड धरून राहिली.
ती गेल्यावर पाहिलं तर तो थोडा वाकला होता.

आणि त्याच खोक्यातलं औषध, तेच चाक,
प्रणोती हेडाऊला.
पहिलटकरीण. एक्केचाळीस आठवडे चार दिवस.
काल पोळ्याच्या संध्याकाळी जेल ठेवलं,
मध्यरात्री पुन्हा.
सकाळी मी ड्यूटीवर आले तेव्हा एक बोट.
एक बोट म्हणजे, दार उघडलेलं नाही,
आतून कुणी कडी हलवून पाहिली आहे.

तिचा नवरा खाली पार्किंगमध्ये
मोबाइलवर वाचत बसलेला, कुणाला किती तास लागले.
वर येऊन मला आकडे सांगतो. सहा. अठरा. बेचाळीस.
मी म्हणते, ठेव तो खिशात, पाणी आण तिला.

मला एकोणतीस तास लागले होते.
मग ऑपरेशन.
फाईलवर लाल शाईने लिहिलं: फेल्ड इंडक्शन.
फेल कोण झालं, ते लिहिलं नव्हतं.
बरीच वर्षं मला वाटायचं, मीच.

साडेबाराला इतवारीच्या बाजूने ढोल सुरू झाले.
मारबत निघाली.
खिडकीच्या काचा थरथरू लागल्या, आणि आवाज,
हजार गळ्यांचा:
ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!
प्रणोतीला नेमकी तेव्हाच कळ आली.
कॉटची दांडी धरून ती ओरडली,
घेऊन जा गे! घेऊन जा!
दाराबाहेरून सासूबाई किंचाळल्या,
पीडा म्हण आधी, पोरी, पीडा म्हण!
नुसतं घेऊन जा म्हणू नको!
हसता हसता माझे थेंब चुकले.
नुसरतही हसली, पदराखाली बाळ घेऊन,
आणि प्रणोती, कळ ओसरताना, रडता रडता.

एक वाजता चार बोटं.
डॉक्टर म्हणाल्या, बघू अजून, ठोके चांगले आहेत.
सासूबाईंनी या वेळी विचारलं नाही.
पन्नास वर्षं हातमागावर बसलेली बाई.
डबा मांडीवर ठेवून एवढंच म्हणाली,
सूत ओढलं की तुटते.
मग मीही तिच्या शेजारी दोन मिनिटं टेकले,
तर्रीचा वास आता थंड झाला होता.

दोनला माझी ड्यूटी संपते.
चोवीस थेंबांवर, पाच बोटांवर
मी तिला ढवळे सिस्टरच्या हाती दिली.
प्रणोतीने विचारलं, तुम्ही चालल्या?
मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.
दुसरं काही सुचलं नाही.

रस्ताभर कागदाच्या चिंध्या, बांबूच्या कामट्या,
जळल्याचा वास.
चौकात सिग्नल लाल. वर आकडा: नव्वद.
एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी.
हे बरंय, सांगून तर टाकतात.
पण माझ्या ओठांवर वेगळीच मोजणी चालली होती,
एक थेंब, एक थेंब, थांब, एक थेंब,
आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून म्हणत होता,
ओ बाई, हिरवा झाला न केव्हाचा.