एक फेरी थांबून

कर्नल म्हणजे देवळाली कॅम्पातला नव्हे,
हे आईला तीनदा सांगून झालं.
हा मशीनच्या तळाशी बसतो.
त्याच्याकडे आपण दाराची नोंद करायची,
इथे काही हललं तर कळव,
आणि नोंदीसोबत एक चिठ्ठी द्यायची:
पत्ता, आपल्याच मेमरीतला.
तो ती वाचत नाही.
वाचायची गरज नाही, हौस तर नाहीच.
वेळ आली की जशीच्या तशी हातावर ठेवतो.
माणसं इतकी प्रामाणिक असती
तर आपली फार पंचाईत झाली असती.

अंबडला आमचं ऑफिस, खाली गिअर कापतात.
लेथ थांबली की फरशीची थरथर जाते
आणि मग कळतं, किती वाजले.

पिंपळगावच्या शीतगृहात एकोणीस खोल्या,
द्राक्षाच्या पेट्या छतापर्यंत,
खोलीगणिक एक सेन्सर, दहा सेकंदांनी बोलणारा.
शनिवारी पहाटे पावणेतीनला
बारा नंबरची वायर उंदरानं खाल्ली.
टायमर म्हणाला, बारा फार वेळ गप्प आहे.
आम्ही नोंद पुसली, जागा मोकळी केली,
एका ओळीचं काम, माझ्याच हातची ओळ.
तेवढ्यात सात नंबर नव्यानं जोडला गेला
आणि त्याला नेमकी तीच जागा मिळाली,
बाराची, अजून उबदार.

पण चिठ्ठ्यांचा गठ्ठा आधीच हातात होता.
त्यात खाली कुठेतरी
बाराचा शेवटचा श्वास होता.
तो आम्ही पत्त्यावर पोचवला.
बाराचं मरण सातच्या नावावर लागलं.

कोसळला असता सर्व्हर तर बरं होतं,
कोसळलं की निदान फोन येतो.
पडद्यावर सातचा आकडा थिजून राहिला, अर्धा अंश,
आणि आत, अंधारात, थॉमसन द्राक्षं
घामेजत गेली सकाळपर्यंत.

झुबेर म्हणाला, कर्नलची चूक.
मी म्हणाले, त्यानं आपलीच चिठ्ठी आपल्याला दिली.
घर आपण मोडलं.
त्यावर तो चहा आणायला गेला, बराच वेळ आलाच नाही.

दोन रात्री लागल्या. उपाय साधा निघाला,
साधे उपाय दोन रात्रींनंतरच साधे दिसतात.
नोंद आधी काढायची. जागा लगेच नाही.
गेलेल्यांना एका बाजूच्या यादीत बसवायचं,
गठ्ठा संपू द्यायचा,
एक अख्खी फेरी थांबायचं,
मग मोकळं करायचं.
आणि पत्त्याऐवजी क्रमांक द्यायचा, पुढे पिढी:
बारा, पिढी तिसरी.
जुन्या पिढीची हाक आली
तर ओ द्यायची नाही.

सोमवारी सकाळी इंदिरानगरला
मेल्यासारखी झोपले होते. बेल वाजली.
"गायधनी?"
मी हो म्हणाले.
का म्हणाले माहीत नाही, दारात मी होते म्हणून.
सही केली, डबा घेतला, परत झोपले.

दुपारी उघडला: बर्फाची पिशवी, आत इन्सुलिन.
गायधनी माझ्या आधीचे भाडेकरू.
त्यांच्या नावाची लग्नपत्रिका अजून
माझ्या फ्रिजवर आहे, तारीख उलटून गेलेली.
या घरात राहून मला तीन महिने झाले
आणि पाटी मी बदललेली नाही.

डब्यावरचा नंबर लावला.
सिन्नरचा एक पोरगा बोलला,
"ताई, हा नंबर दिवाळीपासून माझाय.
त्यांचे लई फोन येतात."
मागे ट्रॅक्टर चालू होता.
"काही निरोप आहे का?" त्यानंच विचारलं,
जणू त्याला तो पोचवता येणार होता.

वॉचमन म्हणाला, मेरीकडे गेले बहुतेक,
पिवळी बिल्डिंग, खाली पिठाची गिरणी.
बहुतेक.

मी फ्रिजमधला सगळा बर्फ काढला,
डबा टॉवेलात गुंडाळला,
गाडीच्या हुकाला पिशवी अडकवली.
पाटीवरचं नाव पुसायला हात गेला होता.
म्हटलं, राहू दे. आल्यावर.