ठराव क्रमांक नऊ

मी ग्रामसेवक. बावीस वर्षं एकच वाक्य लिहीत आलो:
सबब ठराव सर्वानुमते मंजूर.
लोक सतरंजीवर बसत, माना हलवत,
चहा पिऊन पांगत.

मग शाळेमागं तो खांब उभा राहिला.
गिरणीत, पानठेल्यावर,
वेचणीच्या बायांच्या ओट्यात, कापसाखाली दबलेला
रेडिओ वऱ्हाडीत बोलू लागला.

निवेदिका पंचफुला गेडाम.
पंचायतीचं बजेट वाचता वाचता थांबायची.
"किरकोळ खर्च, तीन लाख.
हे कोन्तं किरकोळ व माय? काहून?"
आणि गाणं लावायची.

एका पुढाऱ्यानं तिथं छापील भाषण सुरू केलं.
ती म्हणाली, "भाऊ, आपल्या बोलीत सांगा ना."
अकरा सेकंद नुसता पंख्याचा आवाज.
तो पंखा गाव अजून ऐकवतं.

काल सभेत ठराव नऊ: हातपंप दुरुस्ती.
मी 'सबब'पर्यंत आलो, तर मागून,
चपला काढतात तिथून,
गिरणीवाल्या उकंड्याची सून:
"काहून?"

पेन थांबलं.
पुस्तकात त्याला 'का' म्हणतात.
पण 'का' फार मऊ,
विचारलं काय, न विचारलं काय.

वहीत आधी लिहिलं: सदस्यांनी कारण विचारले.
खोडलं.
तिचाच शब्द लिहिला,
अवतरणचिन्हांशिवाय, उघडा.

सही करताना आई आठवली.
रात्री उशिरा घरी आलो
की दारातच विचारायची,
आणि उत्तर मिळेस्तोवर
वाटेतून हलायची नाही.