गंगावेशीतली हवा

गंगावेशीत इलाहीनं पंप मारला,
चाक अंगठ्यानं दाबून बघितलं.
"गगनबावड्यापतोर जातंय बघ," म्हणाला.
सोळा वर्षं दुकान,
पण तो स्वतः कधी कळ्याच्या पुढं गेला नाही.

कळ्याला गुऱ्हाळाचा धूर गोड झोंबला.
असळजच्या अलीकडं उसाची ट्रॉली,
मागची साखळी धरून फुकटचा चढ.
ड्रायव्हरनं आरशातून बघितलं,
बोलला काही नाही.

अणदूरच्या तळ्यात पाय सोडले.
पाणी एवढं गार
की पोटऱ्यांना आपलं वय कळलं.

मग करूळच्या तोंडाशी,
खाली सगळं कोकण उघडं पडलेलं,
आणि मागचं चाक
फुस्स.

पंक्चर काढायचं सोडून
कठड्यावर बसून राहिलो.
गंगावेशीतली हवा
इलाहीच्या आधी
घाट उतरत होती.