वजाचं बटण

पाचकंदीलच्या मागच्या गल्लीत निकुंभांचं दुकान.
काचेखाली रिमोट निजवलेले,
काळे, करडे, एक उगाचच गुलाबी.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री. आत पंखा
फक्त निकुंभांकडे तोंड करून.

आमच्या पिशवीत घरचे चार:
टीव्हीचा, आल्या दिवसापासून प्लास्टिकमध्ये गुंडाळून रबर लावलेला.
डिशचा, झाकण हरवलं म्हणून चिकटपट्टीने सेल धरून ठेवलेला.
डीव्हीडीचा. डीव्हीडी भंगारात गेली,
हा का राहिला कुणालाच माहीत नाही.
आणि पोराने सुरतेहून पाठवलेल्या होम थिएटरचा.
पाच डबे, एक ढोल, आणि रिमोट बोटाएवढा.
सापडला तर गादीखाली सापडतो.

"एकच द्या," मी म्हटलं, "सगळ्यांवर चालणारा."
निकुंभ हसले.
"बठ्ठासवर चालस, असं बठ्ठाच म्हनतस."

एकासोबत कोडची चिठ्ठी, मुंगीएवढी अक्षरं.
आमच्या ढोलाची कंपनी तिच्यात नव्हती.
दुसऱ्याला त्रेचाळीस बटणं. तिसऱ्याला आतून उजेड.
मी किंमत विचारत होतो, वॉरंटी विचारत होतो,
डेपोतून गाडी ताब्यात घेताना टायर ठोकून बघावेत
तसा प्रत्येकाला ठोकून बघत होतो.

कोकिळा काही विचारत नव्हती.
एकेक हातात घ्यायची, डोळे मिटायची
आणि अंगठा फिरवायची,
दादरमधला खडा हाताला लागावा तसा.
"हाई नको. हाईबी नको.
बटन कोठे सुरू व्हस तेच समजत नही."
निकुंभांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

मग तिने आमचा टीव्हीचा काढून काचेवर ठेवला.
हे बघा, असं पाहिजे.
प्लास्टिकला एकाच जागी भोक होतं.
अधिकची खूण कोरी, आजच आणल्यासारखी.
तिच्या खाली वजाची रेघ पार पुसलेली,
रबर खोल गेलेलं,
एका अंगठ्याच्या मापाचं.

मला हिशेब लागायला जरा वेळ लागला.
धुळे-सुरत, रातराणी, एकोणीस वर्षं.
सकाळी सातला यायचो, भाकरी खायचो
आणि पुढच्या खोलीत कूलरसमोर आडवा.
टीव्ही त्याच खोलीत. कूलर एकच.
दुपारी ती मालिका बघायची,
बघायचीच म्हणायचं.
मला कधी काही ऐकू आलं नाही.
मला वाटायचं, आपली झोपच गाढ आहे.

शेवटी निकुंभांनी खालच्या खणातून एक काढला.
"याले शिकाडनं पडस."
जुना आणि नवा समोरासमोर, डोक्याला डोकं लावून निजवायचे.
जुन्यावर दाबायचं. नव्याने लाल डोळा मिचकावला
की समजायचं, त्याला आलं.
साडेचारशे म्हणाले, चारशे घेतले,
सेल वेगळे.

घरी पाटावर तिने शिकवणी घेतली.
मी म्हटलं, आधी चालू-बंद शिकव.
तिने आधी वजा शिकवलं.
डीव्हीडीच्या रिमोटलाही शेजारी बसवलं होतं,
त्याच्याकडून काही घ्यायचं नसताना.

मार्चमध्ये रिटायर झालो. तेव्हापासून
दुपारची झोप माझ्याकडून उठून तिच्याकडे गेलीय.
काल ती खुर्चीतच पेंगली.
पाचही डब्यांतून कुणीतरी ट्रॅक्टर विकत होतं.
मी रिमोट उचलला. चष्मा आतल्या खोलीत,
आणि अंगठा अडाणी.
एक दाबलं, ट्रॅक्टर जाऊन कीर्तन आलं.
दुसरं दाबलं, कीर्तन दुप्पट मोठं झालं,
खिडकीची काच थरथरली.

"तेना खालनं,"
ती म्हणाली,
डोळे न उघडता.